चौकोनी कंस

रात्रीचे पावणेतीन.
बटाट्याच्या सूपवर साय धरलीय.
सरकार अजून व्हायचंय.

सिग्रुन टंकते आहे.
जे ठरलं ते साध्या अक्षरांत,
जे ठरलं नाही ते चौकोनी कंसात,
असा इथला रिवाज.
पान एक्केचाळीसवर
पवनचक्की आणि घर यांच्यामधलं अंतर
संध्याकाळपासून कोंडून बसलंय:
[सहाशे मीटर].

कामगार संघटनेचे डेटलेफ म्हणाले,
खाणीला आणखी चार वर्षं द्या,
मग तुमच्या चक्क्या कुठेही फिरू देत.
जिल्ह्याच्या फ्राउ फोर्बेर्गर म्हणाल्या,
माझ्या माणसांना खिडकीतून क्षितिज दिसायला हवं.
क्षितिजाची किंमत विचारली गेली.
निघाली: गावाबाहेरून एक वळणरस्ता,
दोन पुलांसकट.
हिरव्या फायलीवाला पोरगा आधी हसला,
मग बाहेर जाऊन फोन करून आला,
मग हसला नाही.

[सहाशे] खोडून [आठशे].
खाणीला तीन वर्षं.
[आठशे] खोडून [हजार].
वळणरस्त्याला तिसरा पूल.

वाऱ्याविरुद्ध मात्र कुणी अवाक्षर काढलं नाही.
प्रत्येकाने भाषणाची सुरुवात वाऱ्यापासूनच केली.
हे लिहून ठेवावंसं तिला वाटलं,
पण कंसात काय, कंसाबाहेर काय,
त्याला जागा नव्हती.

तिच्या मामाने, मेर्चिनने,
एकतीस वर्षं त्याच खाणीत खोदयंत्र चालवलं.
एका मार्चमध्ये त्या यंत्राच्या दातांनी
त्याच्याच आजोळची गल्ली खाल्ली:
बेकरी, शाळा,
मधमाश्यांच्या पेट्या ठेवायची भिंत.
दफनभूमीतल्या माणसांना,
ज्यांच्या दगडांवर सोर्बियन भाषेत नावं होती,
क्रमांक घालून ट्रकने नव्या वस्तीत नेलं.
कोळसा आणि घर यांच्यात अंतर किती असावं
असा परिच्छेदच नव्हता तेव्हा.
कोळसा पायताण न काढता
थेट चुलीपर्यंत आला.

मामा त्याबद्दल वाईट बोलत नाही.
पगार चांगला होता, म्हणतो,
नाताळला हंस मिळायचा.
आता त्याच्या राईच्या शेतात
एक चक्की उभी राहणार होती.
सात शेजाऱ्यांच्या, आठवी त्याची.
भाड्यातून सभागृहाचं छप्पर शाकारायचं,
असं गावात बोलणं झालेलं.

पहाटे साडेचारला कंस निघाले.
कळफलकावरचं एक बटण, दोनदा.
कंसाच्या कोठडीतून सुटतो तो आठवा,
अशी आपल्याकडची गोष्ट.
इथे आठवाच आत राहिला.
एक हजार मीटर
काळ्या साध्या अक्षरांत जाऊन बसलं,
जणू पिढ्यान् पिढ्या तिथलंच.
सह्या झाल्या.
डेटलेफनी फ्राउ फोर्बेर्गरना
कोट चढवायला हात दिला.

सात वाजता मामाचा फोन.
रेडिओवर ऐकलं होतं त्याने.
सायकलच्या चाकाला लाल चिंधी बांधून,
फेरे मोजत, दवात भिजत,
शेत मोजून आला होता:
नऊशे चाळीस.

कोणत्या घरापासून?
क्राव्त्सांच्या.
पण मामा, ते तर…
हो. नऊ वर्षं कुलूप आहे.
पोरं म्युनिकला. दाराला फळ्या.
पण कागदावर घरच ना ते?

तिला परिच्छेद तोंडपाठ होता.
घर म्हणजे काय, यावर
कुणीच काही मागितलं नव्हतं.
म्हणून कुणी काही दिलंही नव्हतं.

आत कोण राहतं, असं विचारतील का गं?
विचारणार नाहीत, मामा.
तरी ऐक, तो म्हणाला,
आणि त्याने फोन
क्राव्त्सांच्या फुटक्या खिडकीत धरला.

सिग्रुन ऐकत राहिली.
तिच्या बसला
अजून वीस मिनिटं होती.